आग, पाणी आणि फूट : राहत्या वस्तीची पारख



घर कोठे घ्यावे, हा प्रश्न आज आपल्यातील पुष्कळ कुटुंबांपुढे आहे. आई-वडिलांनी चाळीत किंवा झोपडीत आयुष्य काढले. आता मुलगा-सून नोकरीला आहेत. बँकेचे वीस वर्षांचे कर्ज, भविष्य निर्वाह निधीतील पैसा आणि प्रसंगी आईच्या अंगावरचे डाग मोडून एक ब्लॉक घ्यायचा आहे. मुंबई परवडत नाही, ठाणे परवडत नाही, म्हणून पावले पनवेलकडे वळतात. तेथे दलाल, नातलग आणि कचेरीतील सहकारी यांच्या तोंडी दोनच वाक्ये असतात : "हा एरिया चांगला आहे" किंवा "तिकडे नको, ती वस्ती बरी नाही." या दोन वाक्यांवर माणसे जन्माची कमाई लावतात. म्हणून ती वाक्ये नीट तपासून पाहिली पाहिजेत.

चांगली वस्ती म्हणजे कोणती? दलालाला विचाराल तर जिथे भाव चढेल ती. दुसऱ्या एकाला विचाराल तर जिथे 'आपल्यासारखे' लोक राहतात ती. आणि एखाद्या आईला विचाराल तर जिथून तिची मुलगी रात्री नऊच्या लोकलने उतरून निर्धास्त घरी येते ती. शब्द एकच आहे, पण अर्थ तीन आहेत. गोंधळ असा होतो की आपण तिसऱ्या अर्थाने प्रश्न विचारतो आणि उत्तर पहिल्या किंवा दुसऱ्या अर्थाने घेऊन घरी येतो.

यांपैकी दुसरा अर्थ आपल्याला चांगला ओळखीचा आहे. परमपूज्य बाबासाहेब परदेशातील उच्च शिक्षण घेऊन १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. जात कळताच लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. त्या लोकांना आपण काही वाईट करतो आहोत असे वाटले नसणार. जागा 'चांगली' राखतो आहोत, असेच त्यांनी स्वतःला सांगितले असेल. कोणाला तरी बाहेर ठेवून सिद्ध होणारा चांगुलपणा तो हाच. आज काठ्या दिसत नाहीत. भाड्याने जागा पाहायला गेले की आडनाव विचारले जाते, आणि मग जागा आधीच दिली गेल्याचे कळते.

परंतु प्रामाणिकपणे विचार करा. आपल्यापैकी जे खारघरच्या किंवा नवीन पनवेलच्या इमारतीत गेले, ते मुलांना काय सांगतात? "त्या झोपडपट्टीच्या बाजूला खेळायला जाऊ नका." ज्या मापाने आपल्याला मोजले गेले तेच माप आपण खिशात घालून आणले आहे. बाबासाहेबांनी परळच्या बी. आय. टी. चाळीत दोन दशकांहून अधिक काळ काढला. दलालाच्या मापाने ती गिरणी कामगारांची साधी चाळ. त्याच चाळीत राहून त्यांनी महाडचा आणि नाशिकचा सत्याग्रह उभा केला. म्हणजे चाळ आणि झोपडी सुखाची असते, असे मला म्हणायचे नाही. घाण खरी असते, रोग खरे असतात. पण गरीब माणूस म्हणजे धोका नव्हे. धोका येतो तो गरिबाच्या दारात आधी येतो, एवढेच. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की पारख चुकते.

मग पारख करावी कशी? तथागतांपुढे हाच प्रश्न दोनदा आला होता आणि तो महापरिनिब्बान सुत्तात नोंदला आहे. मगधचा राजा अजातशत्रू वज्जींवर चढाई करू पाहत होता. त्याचा अमात्य वस्सकार तथागतांकडे आला. तथागतांनी वैशालीचा कोट किती उंच, सैन्य किती मोठे, हे विचारले नाही. त्यांनी आनंदाला सात गोष्टी विचारल्या. वज्जी वरचेवर सभा भरवतात का? एकोप्याने जमतात आणि एकोप्याने उठतात का? आपले ठरलेले नियम पाळतात का? वृद्धांचे ऐकतात का? स्त्रियांवर आणि मुलींवर जबरदस्ती न करता त्यांना राहू देतात का? आपल्या चैत्यांचा मान राखतात का? सत्पुरुषांना आसरा देतात का? हे जोवर आहे तोवर वज्जींचा ऱ्हास होणार नाही, असे त्यांनी सांगितले. पुढे पाटलीगावी तोच वस्सकार तटबंदी उभारताना दिसला. तेव्हा तथागत म्हणाले की हे नगर फार मोठे होईल, पण त्याला तीन भये राहतील : आगीचे, पाण्याचे आणि आपसातील फुटीचे.

अडीच हजार वर्षांपूर्वीची ही कसोटी घेऊन आपण पनवेलला उभे राहू.

पहिले, पाणी. पनवेल हे खाडीकाठचे जुने बंदर. माथेरानच्या डोंगरांतून येणारी गाढी नदी शहराला लागून खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी पनवेलचे सखल भाग आणि कळंबोलीही पाण्यात गेली. कळंबोलीसारख्या वसाहती खाजणाच्या सखल जमिनीवर वसवल्या आहेत. तेथे भरतीचे पाणी आत येऊ नये म्हणून झडपा आणि पावसाचे पाणी साठवायला धारण तलाव केले आहेत. भरतीच्या वेळी झडपा मिटतात, पाऊस तलावात साठतो, ओहोटीला पाणी खाडीत जाते. ही योजना चांगली आहे. पण तलाव गाळाने भरला तर पाणी मावणार कोठे? ते रस्त्यावर आणि तळमजल्यावर येणारच. म्हणून घर पाहताना बाग आणि प्रवेशद्वार पाहू नका, नाला पाहा. पाटबंधारे खात्याच्या पूररेषा विचारा. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा लाल असते. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि डिसेंबरात विमाने उडू लागली. त्यासाठी डोंगर फोडला, भराव घातला, उलवे नदीचा प्रवाह वळवला. भराव उंच झाला तसे शेजारच्या डुंगी गावात पावसाळ्यात पाणी शिरू लागले. एकाची जमीन सुरक्षित झाली ती दुसऱ्याच्या घरात पाणी लोटून. अशा सुरक्षिततेला आपण सुरक्षितता म्हणणार काय, हे प्रत्येकाने ठरवावे.

दुसरे, आग. तळोजाची औद्योगिक वसाहत रासायनिक कारखान्यांची आहे, आणि तिच्या जवळपर्यंत आता राहत्या इमारती आल्या आहेत. २०१७ साली तेथील कुत्र्यांचे अंग निळे झाल्याचे फोटो जगभर पोहोचले. कारखान्यातील रंग कासाडी नदीत सोडला जात होता. कुत्र्यांना ते पाणी वर्ज्य नव्हते म्हणून आपल्याला दिसले. भोपाळला युनियन कार्बाइडच्या भिंतीसमोरच गरिबांची वस्ती होती, आणि २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू आधी तिच्यावरून गेला. स्वस्त घर का स्वस्त आहे, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो. वारा कोणत्या दिशेने येतो, रात्री कसला वास येतो, अग्निशमनाचा बंब गल्लीत शिरतो का, हे दलाल सांगत नाही. तेथे दहा वर्षे राहिलेली बाई सांगते. तिला विचारा.

आगीपाण्याच्या जोडीला इमारतीचा भरवसाही पाहावा. आपल्याच रायगड जिल्ह्यात महाडला २४ ऑगस्ट २०२० रोजी 'तारिक गार्डन' ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जण मृत्यू पावले. ती इमारत जुनी नव्हती. त्याआधी ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळ येथे बेकायदा बांधली जात असलेली इमारत पडून ७४ जण गेले. तेव्हा भोगवटा प्रमाणपत्र पाहा, महारेरातील नोंदणी पाहा, ३० वर्षांवरील इमारत असेल तर तिची संरचना तपासणी झाली आहे का ते विचारा. मात्र कागदावर थांबू नका. त्याच महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला होता. ठराव दप्तरात होता, पण तळ्यावर कोणी पोहोचू शकत नव्हते. मार्च १९२७ मध्ये माणसे चालत गेली तेव्हा ठरावाला अर्थ आला. कागद लागतोच, पण कागद खरा आहे की नाही हे माणसांना जाऊन पाहावे लागते.

तिसरे, फूट. हे भय डोळ्यांना दिसत नाही म्हणून सर्वांत मोठे. अट्ठकथा सांगते की वस्सकाराने वज्जींना तलवारीने जिंकले नाही. तो त्यांच्यात राहिला आणि एकाच्या मनात दुसऱ्याविषयी संशय घालत गेला. शेवटी सभेची हाक आली तेव्हा कोणी जमले नाही. आता आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेकडे पाहा. कायद्याने ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यावी लागते. त्या सभेला साठ घरांतील किती माणसे येतात? हिशेब कोण विचारतो? भाडेकरूला, विधवा बाईला, सफाई कामगाराला तेथे बोलू देतात काय? ज्या इमारतीत गळणाऱ्या खांबावर तीन वर्षे भांडण चालते, तिला पाऊस पाडत नाही, फूट पाडते. तथागतांचे सात प्रश्न घेऊन एखाद्या संस्थेच्या सभेत मागच्या बाकावर बसा. त्या जागेचे भविष्य तासाभरात कळेल.

येथे कोणी म्हणेल, "आम्ही साधी माणसे. नदी, कारखाना आणि महानगरपालिका आमच्या हाती नाही. धोका दिसला तर निघून जावे, यात गैर काय?" गैर काहीच नाही. जातीच्या जाचातले खेडे सोडून शहराकडे चला, हे आपल्याला बाबासाहेबांनीच शिकवले. जेथे माणसाची हानी होते ती जागा सोडणे हा भ्याडपणा नव्हे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, धोक्यापासून दूर जाणे वेगळे आणि माणसांपासून दूर पळणे वेगळे. दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. तुम्ही जो ब्लॉक सोडून जाता, तो कोणाला विकता? तळमजल्यावर पाणी येते, खांबाला तडा आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. "सांगितले तर भाव पडेल," म्हणून भिंतीला रंग देऊन, उन्हाळ्यात गिऱ्हाईक आणून ब्लॉक विकला, तर आपण काय केले? धोका नाहीसा केला नाही. आपल्यासारख्याच एका कर्जबाजारी कुटुंबाच्या पदरात तो टाकला. पंचशीलातील असत्य न बोलण्याचे शील आपण दररोज म्हणतो. ते विक्रीच्या करारावर सही करतानाही लागू आहे. तेथे सत्य सांगायला चार-पाच लाखांचे नुकसान सोसावे लागते, म्हणूनच ते शील आहे. फुकट पाळता येते ते शील नव्हे, सवय.

आता भविष्याविषयी. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, महाराष्ट्रातील फार जुन्यांपैकी एक. १९७० साली सिडको आली. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उठलेल्या शेतकऱ्यांवर जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याची वाट निघाली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी जुने शहर, सिडकोच्या वसाहती आणि २९ गावे मिळून महानगरपालिका झाली. यातील कोणतीही गोष्ट ग्रहांनी घडवली नाही. जमलेल्या माणसांनी घडवली किंवा न जमलेल्यांनी बिघडू दिली. "पाच वर्षांत भाव दुप्पट होईल," असे सांगणारा दलाल आणि पंचांग उघडणारा ज्योतिषी यांत फरक फार थोडा आहे. दोघेही कारण न सांगता फळ सांगतात. धम्म कारण पाहायला शिकवतो. नाला साफ होतो का, सभा भरते का, मुलगी निर्भय येते का, शेजारचे गाव बुडते का : ही कारणे. भविष्य यांच्या मागून येते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी कोणी "ती वस्ती बरी नाही" म्हणाले तर दोन प्रश्न विचारा. तेथे पाणी, आग की फूट, नेमके कशाचे भय आहे? आणि ते नसेल, तर तुम्ही तेथील माणसांविषयी बोलत आहात काय? आणि जेथे बिऱ्हाड थाटाल तेथे पहिल्या पावसाळ्याआधी नाल्यावर आणि पहिल्या सप्टेंबरात सभेला हजर राहा.