तेलाचा एक थेंब

लहानपणी सुट्टीत मामेभाऊ आणि मी पलंगाला टेकवलेल्या फळीवरून गाड्या सोडायचो. त्याची हॉट व्हील्स, माझी मॅचबॉक्स. ढकलायचं नाही, नुसतं बोट काढायचं, एवढाच नियम. बहुतेकदा तोच जिंकायचा. एकदा मी आजीच्या शिलाई मशीनचं तेल गुपचूप माझ्या गाडीच्या चाकांना लावलं आणि जिंकलो. पैजेत हरलेली निळी गाडी त्याने मुकाट्याने माझ्या हातावर ठेवली.

पुढे या गाड्यांचा इतिहास वाचला. मॅचबॉक्स इंग्लंडच्या लेस्नी कंपनीची, १९५३ची. अमेरिकेच्या मॅटेलने १९६८मध्ये हॉट व्हील्स आणल्या. त्या इतक्या सुसाट पळायच्या, की मॅचबॉक्सला लगोलग ‘सुपरफास्ट’ चाकं काढावी लागली. पण १९९७मध्ये मॅचबॉक्सही मॅटेलकडेच गेली. म्हणजे आम्ही हमरीतुमरीवर यायचो, तेव्हा दोन्ही गाड्यांचा मालक एकच होता!

आधी हायसं वाटलं. वैरच खोटं, तर लबाडी कसली? शिवाय तेल लावू नये असा नियम कुठे होता? पण मग मी ते लपवून का लावलं? त्याला सांगितलं असतं, तर त्यानेही लावलं असतं आणि शर्यत पुन्हा बरोबरीची झाली असती. मला नेमकं तेच नको होतं. कंपन्यांचं वैर आमचं नव्हतंच. बोट काढायचा नियम मात्र आम्हा दोघांचा होता.

निळी गाडी अजून माझ्याकडे आहे. या दिवाळीत ती परत द्यायची आहे, तेलाच्या गोष्टीसकट.