आधी नवऱ्याची तपासणी

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की सुनेच्या मागे नवस, उपास आणि दवाखाने लागतात. मुलाला मात्र कुणी काही विचारत नाही. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाचाही वाटा असतो, तरीही वांझ ठरते ती बाईच! र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून शरीराविषयी उघडपणे लिहायला सुरुवात केली. शतक होत आलं, तरी त्याविषयी बोलण्याची लाज आपल्या घरांतून गेलेली नाही.

शुक्रजंतूंचा मर्दानगीशी काही संबंध नाही. त्या शरीरात घडणाऱ्या पेशी आहेत, आणि रक्तासारखंच त्यांनाही पोषण लागतं. एक शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. त्याच्या डोक्यातलं जनुकीय द्रव्य घट्ट बांधून ठेवायला जस्त लागतं, शेपटीजवळच्या भागाच्या बांधणीला सेलेनियम. बिहारमध्ये जन्मलेल्या डॉ. आनंद प्रसाद यांना इराणमध्ये खुजे राहिलेले, वयात न आलेले तरुण आढळले. त्यांचं जेवण म्हणजे मुख्यतः न आंबवलेली रोटी. धान्यातलं फायटेट जस्त शरीरात शोषू देत नाही. पुढे इजिप्तमध्ये अशा तरुणांना जस्त दिल्यावर ते वाढले, वयातही आले. आपल्याकडे कडधान्यं भिजवून मोड आणतात, पीठ आंबवतात, त्यानं हे फायटेट कमी होतं. आपल्या आज्यांनी ही रीत जपली, हे आपलं भाग्यच.

पण म्हणून जस्ताच्या गोळ्यांचा डबा आणून मोकळं होता येत नाही. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली आले. पुरुषांना सहा महिने जस्त आणि फॉलिक ॲसिड देऊनही ना वीर्याचा दर्जा सुधारला, ना बाळं जास्त जन्मली. कमतरता असेल तर ती भरून काढावी; पण ‘ताकदीची’ पावडर गुपचूप खाणारा पुरुष बहुधा तपासणीच टाळत असतो.

ती तपासणी तर किती साधी! दोन ते सात दिवसांचा संयम आणि एक नमुना. आकडे दर वेळी बदलतात, म्हणून अहवाल बिघडलेला आला तर पुन्हा करायची. याउलट बाईला भूल देऊन पोटात दुर्बीण घालतात. नवऱ्याचा अहवाल हातात आल्याशिवाय तिला त्या टेबलावर झोपवायला डॉक्टरांनीच नकार द्यावा. आणि त्या अहवालात दोष निघाला, तर आईला मुलानं स्वतःच्या तोंडानं सांगावं. ते सांगण्याचं काम बायकोवर टाकू नये.