संपातीचे पंख

गेल्या मे महिन्यात आमच्या खारघरच्या घरी एक परिसंवाद झाला. त्याला अध्यक्ष नव्हता, म्हणून तो चांगला झाला. माझी नात आणि तिच्या दोन मैत्रिणी गॅलरीत फणसाचे गरे सोलत बसल्या होत्या, आणि मी आत वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलो होतो. वर्तमानपत्र धरून बसलेला म्हातारा वाचीत असतो असा तरुण मंडळींचा समज असतो. खरे पाहता तो ऐकत असतो.

विषय होता एका इंग्रजी कादंबरीचा. रेबेका यारोस या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी, 'फोर्थ विंग', २०२३ साली निघाली. तिचा तिसरा भाग जानेवारी २०२५ मध्ये आला तेव्हा पहिल्या आठवड्यातच पंचवीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. ती ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. एका काल्पनिक देशात एक युद्धविद्यालय आहे. तेथे पंख असलेल्या प्रचंड ड्रॅगनांवर स्वार होऊन लढणारे सैनिक तयार केले जातात. नायिका वीस वर्षांची. सांधे असे सैल की जरा ताण पडला की निखळतात. तिला ग्रंथालयात रमायचे होते. पण आई सेनापती, तिने हुकूम केला आणि मुलगी स्वारांच्या शाळेत गेली. पहिल्याच दिवशी खोल दरीवरचा एक अरुंद कठडा ओलांडायचा असतो. पडला तो मेला. पुढेही मुले मरतच राहतात, आणि रोज सकाळी रांगेत आदल्या दिवशीच्या मृतांची नावे वाचून दाखवतात. नावे संपली की दिवसाचे काम सुरू!

आता वाचकांचे मत ऐका. माझ्या नातीने ती तीनदा वाचली होती. नायिका आणि तिचा तो तिरसट ड्रॅगन यांचे संवाद तिला तोंडपाठ होते. दुसरी मुलगी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करीत आहे. मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी. त्यांचे छायाचित्र हिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे म्हणे. तिला ती कादंबरी पटली नव्हती. "अगं, शिक्षणातच निम्मी मुलं मारली तर लढायला कोण उरणार? आणि युद्ध सोडून ह्यांचं प्रेमच चाललेलं असतं," असे तिचे म्हणणे. तिसरी बराच वेळ बोलली नाही. ती गुडघ्याला पट्टा बांधून चालते. शेवटी म्हणाली, "मला बाकी काही माहीत नाही. पण गोष्टीतल्या शूर मुलीचे सांधे माझ्यासारखे दुखतात, हे मी पहिल्यांदाच वाचलं."

येथे मी गप्प बसायला हवे होते. पण वर्तमानपत्र खाली ठेवून मी म्हणालो, "अगं, तुमच्या वयाची मुलं पटापट मरताहेत आणि तुम्हाला त्यात करमणूक वाटते? आमच्या वेळी..."

"आजोबा," नात म्हणाली, "तुम्ही मला अभिमन्यू झोपताना सांगायचात. तो सोळा वर्षांचा होता. आणि मी 'पुन्हा सांगा' म्हटलं की पुन्हा सांगायचात. आणि मुख्य म्हणजे, तुम्ही हे पुस्तक वाचलंय का?"

मी वाचले नव्हते. न वाचता मत देण्याचा अधिकार म्हाताऱ्यांना असतो असे मी धरून चाललो होतो. त्या रात्री निमूटपणे नातीकडून पुस्तक मागून घेतले आणि आठ दिवसांत संपवले. त्यातली काही पाने आजोबांनी नातीकडून घेऊन वाचण्याजोगी नाहीत, एवढेच सांगून ती उलटतो. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मरण स्वस्त करणारी ही बाई युद्धापासून दूर राहिलेली नाही. तिचे आईवडील सैन्यात होते, नवरा सैन्यात हेलिकॉप्टर चालवीत असे, आणि सैल सांध्यांचे दुखणे तिचे स्वतःचे आहे. म्हणजे मी जिला उथळ समजलो ती त्या दुःखाच्या घरातली माणूस निघाली.

अद्भुत कादंबरी आणि तिचे वाचक यांच्यावर रागावण्याची आपल्याकडची परंपरा काही आजची नाही. मराठी कादंबरी जेमतेम रांगू लागली होती, 'मुक्तामाला' आणि 'मंजुघोषा' घरोघर वाचल्या जात होत्या, तोच १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांविषयी निबंध लिहून असल्या अद्भुत, असंभाव्य कथानकांची झडती घेतली. पुढे १९०२ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'कादंबरी' या निबंधात उलट बाजू घेतली आणि अद्भुताचा कैवार केला. इतिहासाच्या कागदांत आयुष्य घालवणाऱ्या माणसाने कल्पिताची बाजू घ्यावी ही मोठी मौजेची गोष्ट आहे. पण त्या वादाचा रोख कथेत जे घडते ते शक्य आहे की नाही, आणि असल्या वाचनाने मनाला उंची येते की भ्रम जडतो, याकडे होता. माझा प्रश्न निराळा होता. दुसऱ्याचे मरण वाचून ज्याला आनंद होतो त्याची दया बोथट होते काय?

आपल्या शास्त्रकारांनी याचे उत्तर फार पूर्वी दिलेले आहे. करुण हा रस आहे, आणि रस म्हणजे आस्वाद. रंगभूमीवरचे दुःख अमक्याचे किंवा तमक्याचे राहत नाही, ते सर्वांचे होते; भट्टनायकाने याला साधारणीकरण म्हटले. कोणाचे खरोखर काही बिघडत नाही, म्हणून आपण मोकळेपणी रडतो आणि रडून प्रसन्न होतो. पण रूसोने १७५८ साली नाटकांविरुद्ध जे पत्र लिहिले त्यात नेमके याच प्रसन्नतेवर बोट ठेवले आहे. त्याचे म्हणणे असे की, नाटकगृहात खोट्या दुःखासाठी चार आसवे गाळली की माणसाला वाटते आपले कर्तव्य झाले. मग घरी जाताना खऱ्या दुःखासाठी खिशात हात घालण्याची त्याला गरज उरत नाही. दया खर्च झालेली असते, आणि तीही फुकटात.

मी वाचनाच्या बाजूचा माणूस. रूसोचे हे म्हणणे मला नेहमी दुष्टपणाचे वाटत आले. पण यंदा ते पुस्तक मिटून मी गॅलरीत बसलो असता मला एक माणूस आठवला, आणि रूसोपुढे माझी मान खाली गेली.

शाळेत माझ्या शेजारी बसणारा एक मित्र होता. त्याला वैमानिक व्हायचे होते. आकाशात विमान दिसले की सर वर्गात असले तरी तो उठून खिडकीशी जाई. पुढे तो एका लष्करी संस्थेत शिकायला गेला. गावाने त्याला स्टेशनवर हार घातले. सुट्टीत तो येई तेव्हा मी त्याच्याबरोबर मुद्दाम बाजारातून फिरत असे; त्याच्या ताठ चालण्याचा थोडा मान मलाही मिळे. मग सरावात तो पडला. पाठीचा कणा दुखावला. काही महिने इस्पितळात काढल्यावर त्याला घरी पाठवण्यात आले. परत आला तेव्हा स्टेशनवर त्याचे वडील होते आणि एक हमाल होता.

मी दोनदा भेटायला गेलो. तिसऱ्यांदा गेलो नाही. काय बोलावे ते सुचत नसे, असे मी स्वतःला सांगितले. पण खरे कारण ते नव्हते. मी त्याची गोष्ट मनात आधीच लिहून ठेवली होती. तो उंच उडणार होता, किंवा देशासाठी धारातीर्थी पडणार होता. दोन्ही शेवटांना माझी तयारी होती. खाटेवर पडून छताकडे पाहणारा मित्र या गोष्टीत बसत नव्हता. म्हणून मी ते पुस्तक मिटले. त्याच वर्षी एका चित्रपटातला सैनिक मेला तेव्हा मी रुमाल भिजेपर्यंत रडलो होतो, हे मला पक्के आठवते.

रामायणातला जटायू सर्वांना ठाऊक आहे. रावणाशी लढून तो पडला, रामाने स्वतः त्याचे अंत्यसंस्कार केले. इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेदला आजही लोक त्याच्या नावाने हात जोडतात. पण जटायूला एक थोरला भाऊ होता, त्याचे नाव संपाती. तारुण्याच्या मस्तीत दोघे भाऊ सूर्याकडे झेपावले. धाकटा उन्हाने होरपळू लागला तेव्हा थोरल्याने त्याच्यावर आपले पंख पसरले. धाकटा वाचला, थोरल्याचे पंख जळाले आणि तो विंध्य पर्वतावर कोसळला. युद्ध नव्हते, शत्रू नव्हता, नुसती उडण्याची उमेद होती. पुढे तो वर्षानुवर्षे तेथेच पंखांवाचून बसून राहिला. भाऊ मेल्याचे त्याला परक्या वानरांच्या तोंडून कळले.

जटायूची गोष्ट आपण मुलांना सांगतो. संपातीची कोण सांगतो? मरणारा वीर कथेला हवा असतो. पंख जळून जगत राहिलेल्याचे काय करावे हे कथेला समजत नाही, आणि कथेवर पोसलेल्या आपल्यालाही समजत नाही. देशाच्या व्यवहारातही तेच घडले आहे. शिक्षण चालू असताना जखमी होऊन बाहेर पडलेल्या छात्रांना माजी सैनिकाचा दर्जा नाही. कारण ते अधिकारी झालेलेच नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतः होऊन या प्रश्नाची दखल घेतली, तेव्हा कोठे अनेकांना कळले की १९८५ पासून अशी सुमारे पाचशे मुले घरी परतलेली आहेत. त्यांची नावे कोणत्याही सकाळी रांगेत वाचली गेली नाहीत.

मग दोष अद्भुत कथेचा काय? मला तसे वाटत नाही. दोष कथा वाचण्यात नाही, जिवंत माणसाकडे कथेसारखा शेवट मागण्यात आहे. आणि वर्तमानपत्र तरी आपल्याला मोठे दयाळू करते असे कोठे आहे? आमच्या घरामागे पांडवकड्याचा धबधबा आहे. तेथे तरुण मुले वाहून गेली आहेत, म्हणून पावसाळ्यात जाण्यास बंदी असते. तरी मुले जातात, आणि एखाद्या सकाळी नावे छापून येतात. ती खरी नावे, खरी मरणे; आणि मी ती वाचून चहाचा दुसरा कप मागितलेला आहे. कादंबरीतली हजेरी ऐकून मुलींवर रागावणारा मीच तो. खऱ्या आणि खोट्या दुःखात फरक करण्याचे कौशल्य माझ्याकडे फारसे नव्हते हेच यातून सिद्ध होते.

त्या तिसऱ्या मुलीचे बोलणे मला म्हणूनच पुन्हा पुन्हा आठवते. एका अशक्य कथेने, ड्रॅगनांच्या आणि जादूच्या कथेने, तिच्या दुखऱ्या गुडघ्याला प्रथमच मान दिला. माझी नात आता जिना चढताना तिच्यासाठी थांबते. पूर्वी थांबत नसे. हे त्या पुस्तकाने केले की वयाने, सांगता येत नाही. पण पुस्तकाची परीक्षा करायची तर ती येथे करावी असे मला वाटू लागले आहे. पाने उलटताना आपल्याला काय वाटले याला फार महत्त्व नाही. वाटणे स्वस्त असते. पुस्तक मिटल्यावर जवळच्या माणसाकडे आपण थोडे अधिक नीट पाहतो की नाही, एवढेच विचारावे. रूसोचा आक्षेप वाचकाला लागू पडतो, पुस्तकाला नव्हे. आणि वाचकाला सुधारता येते, तो कितीही म्हातारा असला तरी.

हे सारे मी मुलींना सांगितले. मित्राची गोष्ट सांगून झाल्यावर प्रबोधिनीची तयारी करणारी मुलगी म्हणाली, "मग आजोबा, त्यांचं पुढे काय झालं?"

मला उत्तर देता येईना. पन्नास वर्षे होत आली. मला ठाऊकच नव्हते.

शाळेच्या जुन्या सोबत्यांना फोन करून जुलैमध्ये त्याचा पत्ता लावला. तो आमच्या गावीच आहे. काठी घेऊन चालतो. चाळीस वर्षे त्याने घरी मुलांना गणित शिकवले. त्याची मुले कोठे कोठे पोहोचली आहेत ती यादी ऐकून मी थक्क झालो. मी फोनवर क्षमा मागू लागलो तेव्हा त्याने मला मध्येच तोडले. "ते राहू दे," तो म्हणाला. "नवी मुंबईच्या विमानतळावरची विमानं तुझ्या घरून दिसतात म्हणे?"

"दिसतात," मी म्हणालो. डिसेंबर २०२५ मध्ये तेथून उड्डाणे सुरू झाली, तेव्हापासून संध्याकाळी दिवे लागले की उलव्याच्या दिशेला ती एकामागून एक वर चढताना दिसतात.

"कुठल्या जातीची आहेत ते मी तुला खालून सांगतो," तो म्हणाला. "मला अजून ओळखू येतात."

वानरांना सीतेचा पत्ता शेवटी संपातीनेच दिला होता. उडता येत नव्हते, पण जागच्या जागी बसून त्याला समुद्रापलीकडची लंका दिसत होती.

भाऊबीजेला तो आमच्याकडे यायचा आहे. मुलींनी गॅलरीतली कुंड्या हलवून कठड्याशी त्याच्या खुर्चीपुरती जागा आताच करून ठेवली आहे. तिघींनाही त्याला काही ना काही विचारायचे आहे. मी मात्र या वेळी वर्तमानपत्र न धरता ऐकणार आहे.