चार घरं पलीकडे

आम्ही सटाण्याला कॉलेजात होतो तेव्हा मराठीच्या सरांचा पहिला तास घड्याळावर नव्हता, एस.टी.वर होता. डांगसौंदाण्याकडची गाडी स्टँडात लागायची, आम्ही पोरं-पोरी पळत वर्ग गाठायचो आणि मग सर हजेरी घ्यायचे. तोवर शिकवणं चालू, पण वही मिटलेली. सर साताऱ्याकडचे, रयतच्या वसतिगृहात वाढलेले. बागलाणात आल्यावर अहिराणी शिकायची त्यांना भारी हौस. "तुनी गाव कोनती शे?" असं विचारायचे. आम्ही हसून सांगायचो, "सर, गाव 'तुनं'!" पुढच्या वेळी पुन्हा 'तुनी'च.

दुसऱ्या वर्षाला होतो. आमचा कांदा त्या साली मातीमोल गेला. परीक्षेचा फॉर्म भरायला पैसे नव्हते, म्हणून मी कॉलेजात जाणंच बंद केलं. आठ दिवसांनी, रविवारी, सर आमच्या दारात हजर. घरात एकच खुर्ची, तिचाही पाय मोडका. वडिलांची नुसती धांदल उडाली. सर सरळ घोंगडीवर बसले, भाकरी-ठेचा खाल्ला, डाळिंबाच्या छाटणीबद्दल विचारत राहिले. फीचा विषय घरात काढलाच नाही. निघताना फाट्यापर्यंत मला बरोबर घेतलं आणि पैसे हातात दिले. म्हणाले, "उसने आहेत बरं का. फुकटचे नाहीत."

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या गावातलं आणखी कुणी राहिलंय का फॉर्मचं?"

मी म्हणालो, "नाही सर."

आमच्या घरापासून चार घरं पलीकडे माझ्याच वर्गातली एक मुलगी राहायची. एकाच गाडीने यायचो. अभ्यासात माझ्यापेक्षा कितीतरी पुढे. तिच्याही घरी तीच गत होती आणि ती मला पक्की ठाऊक होती. तरी मी नाही म्हणालो. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की गावात पोराने पोरीसाठी शब्द टाकला असता तर लोकांनी भलतंच बोललं असतं. ते खोटं नव्हतं. पण त्या क्षणी माझ्या मनात लोक नव्हतेच. मनात एवढंच होतं, की सरांनी ते पैसे दोघांत वाटले तर माझाही फॉर्म राहील.

तिने फॉर्म भरला नाही. वैशाखात तिचं लग्न झालं.

सटाण्याचा माणूस दातृत्वाचा विचार करायला लागला की आरमकाठच्या देवमामलेदारांच्या मंदिरापाशी आल्याशिवाय राहत नाही. यशवंत महादेव भोसेकर हे इथले मामलेदार. 1870-71 च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांना वाटला. तपासणी झाली तेव्हा तिजोरी भरलेलीच निघाली, असं सांगतात. मार्गशीर्षातल्या यात्रेत लहानपणी मला त्या भरलेल्या तिजोरीचं नवल वाटायचं. आता वेगळंच काहीतरी मनात येतं. कचेरीच्या दारापर्यंत जे चालत येऊ शकले त्यांना मिळालं असेल, पण ज्यांच्यात तेवढंही त्राण नव्हतं त्यांचं काय झालं असेल? मामलेदारांना दोष द्यायचा म्हणून नाही हो विचारत. माझ्या दारापर्यंत सर आले होते. तिच्या दारापर्यंत त्यांना न्यायचं काम माझं होतं.

नोकरी लागल्यावर उसने पैसे परत करायला सरांकडे गेलो. सरांनी ते मुकाट्याने मोजून घेतले, याचं मला बरंच वाटलं. 'राहू दे' म्हणाले असते तर पुढचं बोलता आलं नसतं. मग मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, सर रागावतील, नाहीतर 'जाऊ दे, लहान होतास' म्हणतील.

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अरे, तिच्या नावापुढं तीन आठवडे गैरहजेरी मीच मांडत होतो. ती तुझ्याच गावची, हेही ठाऊक होतं. तू नाही म्हणालास ते मला सोयीचं पडलं. खिशात एकाचेच पैसे होते."

पुढं म्हणाले, "भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांसाठी मंगळसूत्रसुद्धा दिलं. ते मी तुम्हाला वर्गात किती रंगवून सांगायचो! आणि मी चार घरं चाललो नाही."

त्यानंतरच्या वर्षी सरांनी एक नवीन पद्धत सुरू केली होती. फॉर्मचे दिवस आले की सगळ्या वर्गाला कोऱ्या चिठ्ठ्या वाटायचे. ज्याने फॉर्म भरला त्याने 'भरला' लिहायचं, ज्याचा राहिला त्याने 'राहिला', आणि खाली नाव. घडी करून प्रत्येकाने द्यायची. जो गैरहजर असेल त्याच्या गावच्या पोराने त्याची चिठ्ठी आणायची. आम्हाला तो सरांचा एक नाद वाटायचा. त्या चिठ्ठ्या कुठून आल्या होत्या, ते मला त्या दिवशी कळलं.

सरांनी कबूल केलं म्हणून माझा वाटा काही कमी झाला नाही. उलट अवघड झालं. तोवर मी एकटाच चोर होतो आणि सर देव होते, ते एका अर्थी सोपं होतं. पण त्या दिवसापासून सर मला जास्त जवळचे वाटतात, हेही खरं.

गेल्या आखाजीला ती माहेरी आली होती. नातू कडेवर. मी ओट्यावर बसलेला पाहून थांबली. माझ्या घशाशी आलं होतं, सांगून टाकावं. तेवढ्यात तीच म्हणाली, "भाऊ, सर बरा शेतस ना?"

म्हटलं, बरे आहेत, पण आता ऐकू कमी येतं.

"आपली गाडी येईपर्यंत हजेरी घ्यायचे नाहीत," ती म्हणाली आणि नातवाला सांगू लागली, की गाडीला उशीर झाला की खिडकीशी बसलेली तीच आधी उतरायची, चपला हातात घेऊन पळायची आणि वर्गाच्या दारात धापा टाकत उभी राहायची. तिला पाहिलं की सर वही उघडायचे.

नातवाने विचारलं, "मग तू पास झाली का?"

ती हसली आणि त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. मी ओट्यावरून उठलो.