पानावरची मोकळी जागा

मोबाइल हातात घ्या. स्क्रीन अजून काळीच राहू द्या.

खांदे सैल सोडा. एक श्वास आत. सावकाश बाहेर.

आता मनातल्या मनात एक पान उघडा. एका महाविद्यालयातल्या मुलामुलींनी बनवलेलं. ती एक दौड भरवताहेत. जमेल तो पैसा कर्करोगाच्या संशोधनासाठी जाणार आहे.

वर दौडीचं नाव दिसतं. खाली तारीख, वेळ, जमायचं ठिकाण. त्याखाली एक बटण. ‘मी येणार’.

आणि बटणाच्या चारी बाजूंना काहीच नाही.

इथे थांबा. नजर बटणावरून हलकेच काढा आणि त्याच्या भोवतीच्या मोकळ्या जागेवर ठेवा.

तिथे जाहिरात नाही. प्रायोजकांच्या बोधचिन्हांची रांग नाही. आपोआप सरकणारी चित्रं नाहीत. ‘उरले फक्त दोन तास’ असं बजावणारा लाल पट्टाही नाही.

कुणीतरी ही जागा राखून ठेवली आहे. भरायला खूप काही हाताशी असताना राखली आहे.

श्वास घ्या. थोडा वेळ तिथेच राहा.

आता डोळे मिटा आणि एक चाल ऐका. कर्करोगाच्या संशोधनासाठीच पळणाऱ्या एकाची.

कॅनडातला एक रस्ता. पहाटेचा. त्यावर टेरी फॉक्स पळतो आहे. सायमन फ्रेझर विद्यापीठाचा विद्यार्थी, वय एकवीस. १९७७ साली हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला आहे. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

डावं पाऊल पडतं. त्याच पायावर आणखी एक छोटी उडी. मग कृत्रिम पाय टेकतो.

कृत्रिम पायाला पुढे यायला थोडा जास्त वेळ लागतो. ती छोटी उडी त्या वेळासाठी आहे.

दोन ठोके, मग एक. दोन ठोके, मग एक.

ऐकत राहा.

१२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्स इथे तो आपला कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवतो आणि पश्चिमेकडे निघतो. रोज साधारण एका मॅरेथॉनइतकं अंतर. १४३ दिवस. ५,३७३ किलोमीटर. १ सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ छातीतली कळ त्याला थांबवते. कर्करोग फुप्फुसांत पोचलेला असतो. २८ जून १९८१ रोजी तो जातो. तेव्हा तो बावीस वर्षांचा असतो.

एक श्वास त्याच्यासाठी.

गाडी, इंधन, बूट हे त्याला कंपन्यांकडून मिळालं होतं. पण ‘आमच्या मालाची जाहिरात कर’ म्हणणाऱ्यांना तो नाही म्हणाला. जमलेला पैसा संशोधनाचा. त्या धावण्यातून कुणी नफा कमवायचा नाही.

सप्टेंबर १९८१ पासून त्याच्या नावाने दरवर्षी दौड होते. कॅनडातल्या शाळाशाळांतून मुलं पळतात, चालतात, चाकाच्या खुर्चीवरून येतात. स्पर्धा नसते. पहिला नंबर नसतो.

आता डोळे उघडा. पानावर परत या.

ती मोकळी जागा आता कशी दिसते?

तिथे क्रमवारी असू शकली असती. कोण सर्वांत वेगवान, कुणी सर्वांत जास्त निधी जमवला, आघाडीचे दहाजण. मुलांनी ती केली नाही. मला हा या पानावरचा सर्वांत मोलाचा निर्णय वाटतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून शंभर रुपये जमवून आणणाऱ्या मुलीला स्वतःचं नाव यादीच्या तळाशी शोधावं लागत नाही.

तिला मनात आणा. तिची मूठ. मुठीतल्या नोटा.

थांबा.

थोडं खाली सरका. एक छायाचित्र येतं. सकाळचं मैदान, मातीवर पडलेल्या लांब सावल्या, बुटांच्या नाड्या बांधायला वाकलेली मुलं.

इथे दुसरं छायाचित्र लावता आलं असतं. रुग्णालयातली खाट. केस गेलेलं लहानसं डोकं. कॅमेऱ्याकडे पाहणारे थकलेले डोळे.

तेही हात जोडून मनात आणा. नजर वळवू नका.

आता एक प्रश्न. हे मूल बरं झालं, मोठं झालं, आणि एके दिवशी आपलं नाव शोधता शोधता त्याला हे पान सापडलं तर?

उत्तर शोधू नका. प्रश्नाजवळ बसा.

मुलंही या प्रश्नाजवळ बसली असतील. म्हणून मैदानाचं छायाचित्र आहे.

आता अक्षरांकडे या. मराठी अक्षरं. शिरोरेखेवरून नजर हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. वर वेलांटी, मात्रा, रफार. खाली उकार. आपली लिपी वरही वाढते आणि खालीही. ओळी जवळजवळ आल्या, की वरचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो. म्हणून या पानावर दोन ओळींमध्ये जास्त अंतर सोडलं आहे. प्रत्येक अक्षराला पुरेल एवढं.

संगणकावर आपण वर्षानुवर्षं वाचत आलो तो ‘मंगल’ हा टंक र. कृ. जोशी यांनी रेखला. सुलेखनकार आणि कवी. अक्षराच्या आतल्या आणि बाहेरच्या पोकळीकडे पाहायला त्यांच्यासारख्यांनीच आपल्याला शिकवलं.

एक अक्षर निवडा. ‘द’ निवडा. त्याच्या पोटातली मोकळी जागा पाहा.

रंगांविषयी थोडंच. अक्षरं जवळजवळ काळी आहेत, मागची बाजू पांढरी. सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत दोहोंच्या उजळपणातलं प्रमाण किमान ४.५ ला १ हवं असतं. इथे ते पुष्कळ जास्त आहे. भर उन्हात एसटीची वाट पाहणाऱ्या आजोबांनाही वाचता यावं, एवढं.

पुन्हा डोळे मिटा. या वेळी पान कानांनी उघडा.

ज्यांना दिसत नाही ते असंच उघडतात. स्क्रीन रीडर एकेक गोष्ट वाचत जातो. आधी दौडीचं नाव. मग तारीख. मग छायाचित्र.

छायाचित्राशी आवाज काय म्हणतो, ऐका.

पुष्कळ पानांवर तो नुसताच ‘चित्र’ म्हणतो आणि पुढे जातो. इथे तो म्हणतो, ‘सकाळचं मैदान, बुटांच्या नाड्या बांधणारी मुलं.’

कुणालाही न दिसणारी ही ओळ कुणीतरी बसून लिहिली आहे. तिच्याजवळ थोडं रेंगाळा.

आता डोळे उघडा. अंगठा सावकाश पानाच्या शेवटाकडे न्या. इथे देणगीची चौकट आहे.

श्वास घ्या. स्वतःच्या आत पाहा. देणगी मागणारं पान समोर आलं, की छातीत काय होतं? थोडं आकसतं का? थोडं अपराधी वाटतं का?

जे होतंय ते होऊ द्या.

आधीपासून लिहून ठेवलेला आकडा. आधीच टिक केलेला चौकोन. ‘नाही, मला कुणाची पर्वा नाही’ अशा शब्दांतला नकार. हे सगळं आपण पाहिलं आहे. भारतात नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या अशा रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं निघाली. त्यांत तेरा प्रकार सांगितले आहेत. खोटी घाई त्यात आहे. नकार देणाऱ्याला लाजवणं त्यात आहे. न विचारता बिलात देणगी घुसवणंही त्यात आहे.

या पानावर चौकट रिकामी आहे. शेजारी दोन बटणं. ‘देणगी देतो/देते’ आणि ‘आत्ता नको’. दोन्ही सारख्याच आकाराची. अंगठ्याला सहज सापडतील एवढी, ४४ पिक्सेल उंचीची.

दोन्हींवर नजर ठेवा. कुणीही तुम्हाला ढकलत नाही. जितका वेळ लागेल तेवढा घ्या.

आणि तुमच्या घरातली, ओळखीतली मुलं असं पान बनवत असतील, तर त्यांच्याशेजारी बसून एवढं मात्र सांगा: देणगीची चौकट रिकामी ठेवा, आणि ‘आत्ता नको’ची अक्षरं बारीक करू नका.