निघून जाण्याचा हक्क

'यूएन कुचकामी आहे, आपण बाहेर पडावं' असं मीही मित्रांच्या ग्रुपवर लिहिलंय. मग रवांडाबद्दल वाचलं. एप्रिल १९९४मध्ये तिथल्या पंतप्रधानांच्या रक्षणाला गेलेले बेल्जियमचे १० शांतिसैनिक मारले गेले. बेल्जियमने सैन्य परत बोलावलं. गोळी चालवायची मुभा जवळपास नाही, तर आपली पोरं कशाला मरू द्यायची? बिनतोड मुद्दा.

पण ११ एप्रिलला बेल्जियन तुकडी किगालीतल्या एका शाळेतून निघाली, तेव्हा आवारात सुमारे २००० लोक आश्रयाला होते आणि बाहेर मारेकरी. बहुतेक जण त्याच दिवशी मारले गेले. म्हणजे तो 'कुचकामी' पहाराच मारेकऱ्यांना अडवून होता! घानाचे काही सैनिक मात्र कमी साधनांनिशी देशात राहिले.

मुद्दा मला अजून खोडता येत नाही. ग्रुपवर परत लिहायला मात्र मन धजत नाही.