मुक्या जिवासाठी काठी कुठवर?

कुत्रा भाकरी घेऊन पळाला आणि नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा आपण कीर्तनात इतक्यांदा ऐकली आहे की कुत्र्यात विठ्ठल पाहणे आपल्याला सोपे वाटू लागले आहे. अवघड प्रश्न त्याच्या पुढचा आहे. तुमच्या दारातल्या त्याच कुत्र्यावर कोणी कुऱ्हाड उगारली, तर तुम्ही काय कराल? आणि उगारणाऱ्याच्या ठायीही तोच विठ्ठल आहे, त्याचे काय?

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३५ आपल्याला स्वतःच्या व दुसऱ्याच्या देहाचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क देते. ‘देह’ म्हणजे माणसाचा. तुमचा मोत्या कायद्याच्या दृष्टीने तुमची मालमत्ता आहे. ऐकायला कोरडे वाटते खरे, पण त्याच कोरड्या शब्दाच्या आधाराने तुम्हाला त्याच्या बचावासाठी हात उचलता येतो. जनावराला ठार मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे याला कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हक्काला कुंपणही आहे. बचावाला लागेल तेवढेच बळ वापरायचे. मारणाऱ्याचा हात धरा, काठी हिसकावून घ्या, वेळ पडली तर ढकला. पण केवळ कुत्र्यासाठी माणसाचा जीव घेण्याची मुभा नाही. त्याच हल्ल्यात तुमच्या जिवावर बेतत असेल, तर गोष्ट वेगळी. आणि मारणारा काठी टाकून पळत सुटला की तुमचा हक्क तिथेच संपला. त्याला गाठून बडवलेत तर तो सूड झाला. आता जायचे ते पोलीस ठाण्यात. पुष्कळ भले लोक घसरतात ते इथेच. पहिला तडाखा मोत्यासाठी असतो, दुसरा आपल्या अहंकारासाठी.

महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ यज्ञमंडपाजवळ आलेल्या एका कुत्र्याला मारतात. त्याने हविष्य चाटलेले नसते, त्याकडे पाहिलेलेही नसते. त्याची आई सरमा राजाच्या दारी येते आणि विचारते, माझ्या लेकराचा अपराध काय? उत्तर कोणीच देत नाही, तेव्हा ती शाप देते. आणि शेवटाकडे धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात चढायला नकार देतात. या दोन कथा एकत्र ठेवून पाहा बरे. धर्मराजांनी त्या कुत्र्यासाठी पणाला लावला तो स्वतःचा स्वर्ग. दुसऱ्याचे रक्त मागितले नाही. मला वाटते, रक्षणाचा कस इथेच लागतो. माराच्या आड स्वतःची पाठ घालणारा आणि मारणाऱ्याच्या डोक्यात दगड घालणारा, दोघांनीही कुत्रा वाचवलेला असू शकतो. तुळशीची माळ मात्र दोघांच्या गळ्यात सारखी शोभत नाही.

आता बाजू उलटी करू. तुमचा कुत्रा रात्री सुटला आणि धनगराच्या वाड्यात शिरून त्याने कोकराची मान धरली. धनगराने काठी घातली. त्याच्यावर धावून जायचा हक्क तुम्हाला आहे काय? नाही. तो आपली मालमत्ता राखतो आहे, आणि कोकराची आईही सरमेसारखाच प्रश्न विचारील. अशा वेळी आपल्या कुत्र्याला ओढून घ्यावे, भरपाई द्यावी, आणि साखळी तपासावी. आपला तो मुका जीव आणि दुसऱ्याचे ते नुसते जनावर, हा भेद वारकऱ्याला परवडणारा नाही.

बिबट्याचा प्रश्न याहून कठीण आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, आणि आळंदी ज्या तालुक्यात आहे तो खेड, इथे उसात बिबटे आहेत आणि वस्तीवरची कुत्री हे त्यांचे सोपे भक्ष्य. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा स्वतःच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या बचावासाठी सद्भावनेने केलेला वार माफ करतो. कुत्र्याच्या बचावाला ती सवलत नाही. बिबट्याला फासकी लावली, कुंपणात वीज सोडली, तर तो गुन्हाच. शिवाय त्या तारेला रात्री पाणी द्यायला निघालेल्या शेजाऱ्याचा पाय लागू शकतो. बिबट्याला तर अपराधही चिकटवता येत नाही, तो भुकेला आहे. म्हणून जे करायचे ते अंधार पडायच्या आधी: मोत्याला उघड्यावर बांधून ठेवू नका. साखळीतल्या कुत्र्याला पळताही येत नाही. त्याला रात्री घरात घ्या, नाहीतर पक्की जाळी आणि वर छत असलेली खोपी करून द्या, ओट्यावर दिवा ठेवा. बाहेर गुरगुर ऐकू आली तर आतूनच डबे वाजवा, ओरडा, वनखात्याला कळवा. अंधारात बाहेर धावू नका.